गेज म्हणते दाब भरपूर आहे, पण तलावात पाणी जेमतेम येते

नागावची_वाडी (धागाकर्ता)

नमस्कार. अलिबाग तालुक्यात नागावला आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि वाडीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात आम्ही सात वर्षांपूर्वी एक लहान तरणतलाव बांधून घेतला. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, उथळ टोकाला खोली १ मीटर आणि खोल टोकाला १.६ मीटर. पंप १ अश्वशक्तीचा, सिंगल फेजवर चालणारा. वाळूचा फिल्टर ५०० मिलिमीटर व्यासाचा, त्यावर पाण्याची वाट बदलणारा सहा स्थितींचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. पंपाची खोली जमिनीवरच आहे, म्हणजे पंप तलावातील पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच बसतो.

पावसाळ्यात तलाव जवळजवळ बंदच होता. गणपतीनंतर तो पुन्हा नियमित सुरू केला, तेव्हापासून पाण्याचा जोर अगदी कमी झाला आहे. पूर्वी इनलेटसमोर, म्हणजे गाळलेले पाणी तलावात परत येते त्या तोंडासमोर, तळहात धरला की हात मागे ढकलला जात असे, आता बोटांना गारवा जाणवतो एवढेच. स्किमरची, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, झडप हलत नाही, पाचोळा दिवसभर पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि क्लोरीन योग्य असूनही पाणी गढूळ दिसते.

फिल्टरवरचे दाबाचे गेज सतत १.४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाखवते. देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी ते पाहून वाळू दगडासारखी जमल्याचे निदान केले. तीन वेळा बॅकवॉश करूनही, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुऊनही, फरक पडला नाही म्हणून मागच्या आठवड्यात ८५ किलो वाळू बदलून घेतली, आणि तरीही गेज १.४ वरच आहे व प्रवाह तसाच आहे. आता पंप दमला असून दीड अश्वशक्तीचा बसवावा असा त्यांचा सल्ला आहे. वाळूचा खर्च वाया गेल्यानंतर पुढचा खर्च करण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे असे वाटले.

---

तळेगावचा_निवृत्त

आपण मापे दिलीत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक प्रश्नकर्ते केवळ "पाणी येत नाही" एवढेच लिहितात.

प्रवाह कमी झाला की पहिला प्रश्न असा विचारावा, की अडथळा पंपाच्या आधी आहे की पंपाच्या नंतर. अडथळा पंपानंतर असेल, म्हणजे वाळूत, व्हॉल्व्हमध्ये किंवा परतीच्या नळात, तर पंप पाणी रेटत राहतो, पाण्याला वाट मिळत नाही आणि फिल्टरवरचा दाब चढतो. अडथळा पंपाच्या आधी किंवा पंपाच्या पोटातच असेल, तर फिल्टरपर्यंत पाणीच पुरेसे पोहोचत नाही आणि दाब उतरतो. आपल्या देखभालवाल्यांनी १.४ किलो पाहून वाळूवर बोट ठेवले ते या नियमाला धरूनच होते. पण कोरी वाळू भरल्यावरही आकडा तसूभर हललेला नाही, आणि हे मला खटकते.

म्हणून तीन गोष्टी पाहून कळवा. पंप बंद असताना गेज किती दाखवते? पंपाच्या पारदर्शक झाकणातून पाहिल्यास आतले कचरा अडवणारे जाळीचे भांडे पाण्याने पूर्ण भरलेले दिसते का, की बुडबुडे फिरताना दिसतात? आणि पंप बंद करून व्हॉल्व्ह रिसर्क्युलेट स्थितीत नेला, म्हणजे पाणी वाळूला वळसा घालून थेट तलावात जाईल असे केले, तर जोर वाढतो का? पंप चालू असताना व्हॉल्व्हची मूठ कधीही फिरवू नका. आतली चाकाच्या आऱ्यांसारखी दिसणारी गास्केट त्याने फाटते आणि मग एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

---

मिरजेचा_बागायतदार

माझ्याकडे तरणतलाव नाही, विहिरीवरच्या मोटारी मात्र तीस वर्षे सांभाळल्या आहेत. लाइनचे काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले तर थ्री फेज मोटर उलटी फिरते. गंमत म्हणजे उलट्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपातूनही थोडे पाणी येतच राहते, त्यामुळे माणूस महिनाभर पाईप तपासत बसतो. पंखा कोणत्या बाजूला फिरतो ते बाणाशी ताडून पाहावे.

---

तळेगावचा_निवृत्त

मुद्दा अगदी योग्य आहे आणि थ्री फेज पंप असलेल्या वाचकांनी तो लिहून ठेवावा. धागाकर्त्यांचा पंप मात्र सिंगल फेजचा आहे. त्यात फिरण्याची दिशा मोटरच्या आतल्या जोडणीवर ठरते, बाहेरच्या लाइनमुळे ती बदलत नाही. मोटर नुकतीच रिवाइंड करून आणली असेल तरच संशय घ्यावा.

---

किनाऱ्यावरची_अबोली

दीड अश्वशक्तीच्या सल्ल्याला मी थेट विरोध करणार नाही. आमच्या किहीमच्या घरी पंप मोठा केल्यावर इनलेटचा जोर खरोखरच वाढला होता.

---

तळेगावचा_निवृत्त

अबोलीताई, जोर वाढला असेल, पण धागाकर्त्यांच्या बाबतीत थोडा हिशेब करू. तलावाची सरासरी खोली १.३ मीटर धरली तर पाणी ४१,६०० लिटर होते. घरगुती तलावातील सगळे पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे असा प्रघात धरला, तर ताशी सुमारे ७,००० लिटर पुरेसे आहेत. ५०० मिलिमीटरच्या फिल्टरमधील वाळूचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९६ चौरस मीटर असते, त्यामुळे पाणी वाळूतून ताशी ३६ मीटर वेगाने उतरते आणि तो वेग ठीक आहे. ताशी १०,००० लिटर ढकलले तर तोच वेग ५१ मीटरवर जातो आणि बारीक गाळ वाळूत अडकण्याऐवजी तिच्यातून निसटू लागतो. ओढीचा नळ ५० मिलिमीटरचा असेल, तर त्यातला वेगही सेकंदाला सव्वा मीटरवरून पावणेदोन मीटरपर्यंत चढतो आणि पंपाची ताकद घर्षणातच खर्च होते.

शिवाय हा पंप सात वर्षे याच तलावाला पुरत होता. एके काळी पुरणारी वस्तू अचानक अपुरी पडू लागली, तर ती लहान होती असे म्हणण्याऐवजी तिला काय झाले ते शोधावे.

---

नागावची_वाडी

उत्तरे देतो, आणि पहिले उत्तर देताना मला थोडी लाज वाटते आहे. पंप बंद केल्यावरही गेज १.४ किलोच दाखवते. मी पंधरा मिनिटे खुर्ची टाकून बसलो, तरी सुई जागची हलली नाही. सात वर्षांत बंद पंपाचे गेज पाहावे असे मला एकदाही सुचले नव्हते.

झाकणातून पाहिल्यास भांडे काठोकाठ भरलेले आहे आणि बुडबुडा एकही नाही, मात्र पाणी फार संथ दिसते. रिसर्क्युलेट करून पाहिले, जोर वाढला नाही.

---

तळेगावचा_निवृत्त

मग ते गेज नसून गेजचे चित्र आहे असे समजा. खाऱ्या हवेत आतली पितळी नळी आणि दातेरी चक्र गंजून सुई अडकते, किंवा खालचे बारीक छिद्र वाळूच्या कणाने बुजते आणि आत कोंडलेला दाब तसाच दिसत राहतो. पंप बंद करून गेज आट्यांवरून उतरवा, छिद्र सुईने साफ करा आणि तरीही सुई शून्यावर आली नाही तर नवे आणा. शून्य ते अडीच किलोपर्यंतचे गेज चालेल. सात किलोचे घेतलेत तर तुमच्या दाबाला सुई इतकी थोडी हलेल की वाचता येणार नाही.

दुसरे काम म्हणजे प्रवाह मोजा. "जोर वाढला", "जोर कमी झाला" या शब्दांवर निदान करता येत नाही. तुमच्या तलावाचे पृष्ठफळ ३२ चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर गेले. पाणी स्थिर असताना उथळ टोकाच्या भिंतीवर पट्टी चिकटवा, पंप बंद करून व्हॉल्व्ह वेस्टवर, म्हणजे पाणी तलावाबाहेर टाकणाऱ्या स्थितीत, न्या आणि घड्याळ लावून नेमकी पंधरा मिनिटे पंप चालवा. पातळी स्किमरच्या तोंडाखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पंप हवा ओढेल. वेस्टमध्ये पाणी वाळूतून जात नसल्याने आकडा रोजच्यापेक्षा किंचित जास्त येतो, पण आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना करण्यासाठी तो पुरतो. हे क्लोरीनचे पाणी सुपारीच्या बुंध्याशी सोडू नका, शोषखड्ड्यात जाऊ द्या.

---

रत्नागिरीची_विहीर

वाळू बदलणे अगदीच वाया गेले असे मात्र म्हणू नये. सात वर्षांची वाळू, त्यात किनाऱ्यावरचे जड पाणी, म्हणजे तिच्यात चुन्याच्या गाठी झालेल्याच असणार आणि गाठी झाल्या की पाणी त्यांच्या फटीतून न गाळताच निघून जाते. आज ना उद्या हे काम करावेच लागले असते. नवी वाळू ओतण्यापूर्वी टाकी अर्धी पाण्याने भरली होती ना? कोरडी वाळू उंचावरून पडली तर तळाच्या बारीक चिरांच्या नळ्या मोडतात आणि मग इनलेटमधून वाळू तलावात येऊ लागते.

---

नागावची_वाडी

पाणी आधी भरले होते, मी स्वतः उभा होतो. इनलेटजवळ वाळू दिसत नाही.

नवे गेज बसवले. पंप चालू असताना सुई जेमतेम ०.१ किलोवर जाते. पंधरा मिनिटांत पातळी दीड सेंटिमीटर उतरली, म्हणजे ४८० लिटर, ताशी १,९२० लिटर. या गतीने सगळे पाणी एकदा फिरायला जवळजवळ बावीस तास लागतील आणि आम्ही पंप सहा तास चालवतो. गढूळपणाचे कोडे मला तेव्हाच उलगडले.

---

ह्यूस्टनचा_पुणेकर

आता अडथळा पंपाच्या आधी किंवा पंपातच आहे हे निश्चित झाले, तेव्हा ओढीच्या दोन्ही वाटा वेगळ्या करून पाहा. पंपाच्या आधी दोन बॉल व्हॉल्व्ह असतील, एक स्किमरचा आणि एक तळाच्या जाळीचा. एकदा फक्त स्किमर उघडा ठेवा आणि एकदा फक्त तळ. एका वाटेवर प्रवाह चांगला आणि दुसऱ्यावर वाईट आला तर त्या वाईट नळातच काहीतरी अडकले आहे. दोन्हींवर सारखाच वाईट आला तर दोष त्या दोन वाटा जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे आहे.

ही चाचणी करताना पाण्यात कोणीही असता कामा नये, विशेषतः मुले. सगळी ओढ तळाच्या एकाच जाळीवर आली की ती जाळी शरीर किंवा केस धरून ठेवू शकते आणि धडधाकट माणसालाही सुटता येत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर या सात वर्षांच्या मुलीचा गरम पाण्याच्या कुंडात तळाच्या झरोक्याला ओढली गेल्याने मृत्यू झाला आणि तिच्या नावाने २००७ मध्ये संघराज्याचा कायदा झाला, ज्यामुळे येथील सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. तुमच्या तळाशी एकच सपाट जाळी असेल तर ती फुगीर, अडवता न येणाऱ्या प्रकारची करून घ्या, प्रवाहाचा प्रश्न सुटो वा न सुटो.

---

नागावची_वाडी

ही माहिती मला नवीन होती. नातवंडांना घरात बसवूनच चाचणी केली.

दोन्ही वाटांवर प्रवाह सारखाच क्षीण आहे. गावातल्या वायरमनकडून क्लॅम्प मीटरही लावून घेतले. पंपाच्या पाटीवर ५.५ अँपिअर लिहिले आहे, प्रत्यक्षात ३.४ अँपिअर येतात आणि व्होल्टेज २२५ आहे. वायरमन म्हणाला की मोटर कमी करंट खाते आहे म्हणजे तब्येत उत्तम आहे.

---

तळेगावचा_निवृत्त

मोटरची तब्येत उत्तम आहे, पण तिला काम मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रवाह अडला की तो कमी करंट घेतो, कारण हलवायला पाणीच कमी असते. पुष्कळ लोकांना हे उलटे वाटते.

आता सगळे धागे एकत्र ठेवू. नव्या गेजवर दाब कमी, म्हणजे दोष फिल्टरच्या पुढे नाही. दोन्ही वाटांवर प्रवाह सारखाच, म्हणजे दोष एकट्या स्किमरच्या किंवा एकट्या तळाच्या नळात नाही. भांडे भरलेले व बुडबुडा नाही, म्हणजे पंप हवा ओढत नाही. पंपाच्या आधी नळ चोंदला असता तर पंप पाण्यासाठी तडफडला असता आणि आत खडी फिरल्यासारखा आवाज आला असता, तो आवाज तुम्ही सांगितलेला नाही. व्होल्टेज ठीक आहे. उरला एकच भाग, पंपाचा इम्पेलर, म्हणजे आत फिरून पाणी फेकणारे चाक. त्याच्या दोन तबकड्यांमधल्या वाटा बोटाच्या पेराएवढ्याही रुंद नसतात आणि तिथे काहीतरी भरले आहे असे मी आता पैज लावून सांगतो.

---

पंपखोलीतला_माणूस

मी अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात अनेक तलावांची देखभाल करतो. नागावला समुद्राकडची बाजू म्हणजे सुरूची झाडे आली. आंब्याचे पान स्किमरच्या टोपलीत अडकते, सुरूची काडी मात्र टोपलीच्या छिद्रातून सुईसारखी उभी निसटते आणि इम्पेलरच्या तोंडाशी आडवी होते. एक आडवी झाली की मागून येणाऱ्या तिला धरतात. पावसाळ्यानंतर माझी निम्मी कामे हीच असतात.

करायचे असे: एमसीबी खाली करा आणि दुसरे कोणी वर करणार नाही याची खात्री करा, कारण बोटे आत जाणार आहेत. दोन्ही ओढीचे आणि परतीचा व्हॉल्व्ह बंद करा, झाकण उघडून भांडे काढा. भांडे होते त्या पोकळीच्या मागच्या भिंतीत जे गोल भोक आहे तेच इम्पेलरचे तोंड. जाड तारेला बारीक आकडा करून हळूहळू ओढून काढा, खुपसू नका, प्लॅस्टिक चटकन टवका सोडते. तेवढ्याने मोकळे झाले नाही तर मोटरकडचे बोल्ट सोडून पंपाची दोन अर्धुके वेगळी करावी लागतील. तसे केल्यास मधली मोठी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, नवी टाका आणि मोटरच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या मेकॅनिकल सीलच्या गुळगुळीत तोंडाला तेलकट बोट लावू नका.

---

नागावची_वाडी

आज सकाळी काम केले आणि जे निघाले ते पाहून घरातले सगळे पंपाच्या खोलीशी गोळा झाले. तारेच्या आकड्याने पहिल्यांदा दोन-तीन काड्या आल्या, मग एकदम वेणीसारखा पिळलेला सुरूचा जुडगा निघाला, त्यात एका केसाच्या रबराचे तुकडे आणि नारळाच्या काथ्याचे दोन तंतू होते. सगळे मिळून माझ्या मुठीत मावेल एवढेच, पण ते इम्पेलरच्या तोंडात इतके घट्ट बसले होते की पाऊण तास लागला. बोल्ट सोडावे लागले नाहीत.

काड्या इतक्या प्रमाणात का शिरल्या याचे कारणही सापडले. पंपाच्या भांड्याचा तळ एका बाजूने चिरलेला होता आणि राखणदाराने तो चिरलेला भाग मोडून टाकून भांडे पुन्हा बसवले होते, कारण चिरलेला तुकडा त्याच्या हाताला लागत असे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, भांडे कशासाठी असते हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. नवे भांडे आणले.

पंप सुरू केला आणि पंधरा मिनिटांत साडेचार सेंटिमीटर पाणी उतरले, म्हणजे ताशी ५,७६० लिटर. आनंद मात्र अर्धाच टिकला, कारण आता झाकणाखाली बुडबुड्यांची रांग दिसते आहे आणि इनलेटमधूनही फुगे येतात. हे पूर्वी नव्हते.

---

पंपखोलीतला_माणूस

झाकण उघडले तेव्हाच हे आले, म्हणजे आधी झाकणच पाहावे. तुमचा पंप पाण्याच्या वर बसलेला असल्यामुळे त्याच्या आधीचा प्रत्येक सांधा आत हवा ओढतो, बाहेर पाणी गळत नाही. म्हणून जमीन कोरडी आहे यावर विसंबू नये. झाकणाची ओ-रिंग काढा, खोबणीतला वाळूचा कण पुसा, रिंग बोटांत वाकवून तिच्यावर बारीक तडे दिसतात का पाहा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. घरात असलेली व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने काही प्रकारचे रबर फुगते आणि महिनाभरात रिंग खोबणीत मावेनाशी होते.

---

रत्नागिरीची_विहीर

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला आमच्याकडे उदबत्ती वापरतात. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळ ती फिरवली की धूर जिथे आत खेचला जातो तिथे दोष.

---

तळेगावचा_निवृत्त

युक्ती चांगली आहे, पण पंपाच्या खोलीत क्लोरीनची भुकटी ठेवलेली असेल तर तिथे उदबत्तीच काय, काडीही पेटवू नये. त्या भुकटीतला कॅल्शियम हायपोक्लोराइट स्वतः पेटत नसला तरी दुसऱ्या कशालाही झपाट्याने पेटवतो. त्याऐवजी दाढीचा फेस सांध्यांवर थापा, जिथे फेसाला खळगा पडतो तिथून हवा जाते आहे. किंवा झाकणावर नुसते मगभर पाणी ओतत राहा, तेवढ्या वेळापुरते बुडबुडे थांबले तर दोष झाकणातच आहे.

---

नागावची_वाडी

क्लोरीनची बादली खरोखरच पंपाला टेकून ठेवलेली होती, ती आज दुसऱ्या कोठीत हलवली. झाकणावर पाणी ओतले आणि बुडबुडे तत्काळ थांबले. ओ-रिंगला एका ठिकाणी चपटा खळगा पडला होता. नवी रिंग आणि सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा मोजले: पंधरा मिनिटांत साडेपाच सेंटिमीटर, ताशी ७,०४० लिटर. म्हणजे सहा तासांत सगळे पाणी एकदा फिरते. करंट ५.१ अँपिअर झाला आणि फिल्टर स्थितीत गेज ०.७ किलो दाखवते. हा ०.७ चा आकडा मी तारखेसह फिल्टरच्या टाकीवर ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे.

एक शेवटचे विचारतो. सुरूची झाडे वाऱ्यासाठी आम्हाला हवीच आहेत, मग काड्या अडवण्यासाठी स्किमरच्या टोपलीवर काही बारीक जाळी लावता येईल का?

---

किनाऱ्यावरची_अबोली

आम्ही जुना नायलॉनचा पायमोजा टोपलीवर बाहेरून चढवतो. सुरूची एकही काडी आत जात नाही. पण वाऱ्याच्या दिवसांत तो दिवसातून दोनदा काढून झटकावा लागतो, नाहीतर तोच चोंदतो आणि गेज पुन्हा खाली येते.

---

तळेगावचा_निवृत्त

बॅकवॉश कधी करायचा तेही त्याच टाकीवर लिहून ठेवा: गेज १.२ किलोवर, म्हणजे आताच्या ०.७ पेक्षा अर्धा किलो वर, गेले की करायचा, त्याआधी नाही, कारण किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगले गाळते. आणि महिन्यातून एकदा पंप बंद करून सुई शून्यावर येते की नाही ते पाहायला राखणदाराला सांगा.

---

नागावची_वाडी

राखणदाराला दोन्ही गोष्टी दाखवल्या. पायमोजा आज दुपारी चढवला आणि संध्याकाळपर्यंत त्यात ओंजळभर काड्या जमल्या होत्या.